चौथ्या मॉनिटरमधली मुलगी

"चारू, तुझा तो पोपटी साडीतला फोटो पेनड्राइव्हवर घे," पायात चपला सरकवत बेबीताई म्हणाल्या. "आणि चल. मॉनिटर घ्यायला जायचंय."

"मॉनिटर घ्यायला माझा फोटो कशाला?"

"मग काय माझा घेऊ?"

मी फोटो घेतला, डोळ्यांच्या डॉक्टरांनी दिलेला काळा चष्मा चढवला, तोंडाभोवती स्कार्फ गुंडाळला आणि माझी स्कूटी काढली. पुढं नानांची स्कूटर, मागच्या सीटवर बेबीताई, आणि त्यांच्या मागं मी, अशी वरात सांगलीच्या गावभागातून निघाली.

ही पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. बेबीताई आणि नाना इनामदार हे नवरा-बायको 'अंतरपाट वधू-वर सूचक मंडळ' चालवायचे आणि त्या मंडळात पगार घेणारी मी एकटी. मी म्हणजे चारुशीला मोरबाळे, वय तेव्हा एकोणतीस, लग्न झालेलं नाही. दुसऱ्यांची लग्नं जमवणाऱ्या ऑफिसात बसून स्वतःचं न जमणं म्हणजे दिव्याखाली अंधार, असं माझी आई येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. काम सोपं होतं. मुलामुलींची माहिती टाइप करायची, फोटो चढवायचे, आणि पाहुणे आले की एकेक स्थळ स्क्रीनवर दाखवायचं.

आमचा जुना मॉनिटर डबा होता. मागं हे एवढं पोट. म्हातारपणी त्याला पिवळेपणा आला आणि त्यात दिसणारी प्रत्येक मुलगी हळद लागल्यासारखी दिसायला लागली. मी दुरुस्तीचा विषय काढला की बेबीताई म्हणायच्या, "राहू दे गं, शुभ दिसतं." पण त्या उन्हाळ्यापासून तो थरथरायला लागला. दिवसभर त्याच्यासमोर बसून माझं डोकं ठणकायचं, डोळ्यांतून पाणी यायचं, आणि बारा एकर शेतीची मी एकवीस एकर करून टाकायचे. त्या चुकीवर एक साखरपुडा होता होता राहिला. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, "स्क्रीन बदला, नाहीतर काम बदला."

आईनं त्यातलं दुसरंच ऐकलं. "सोड ती नोकरी. डोळे अधू झाल्यावर कोण करणार तुला? त्या कुपवाडच्या स्थळाला हो म्हण."

कुपवाडचं स्थळ बिजवर होतं. माणूस वाईट नव्हता, पण दोनदा आमच्याकडं आला आणि दोन्ही वेळा पाणी प्यायच्या आधी त्यानं आमचा फ्रिज उघडून आत बघितलं. मला त्याच्याशी लग्न करायचं नव्हतं. आणि नोकरी होती तोवर मला नाही म्हणता येत होतं. पोटापुरतं कमावणाऱ्या मुलीला ढकलता येत नाही, हे आईलाही कळत होतं. म्हणून तिनं शब्द घेतला होता, की दिवाळीच्या आत डोळे ताळ्यावर आले नाहीत तर नोकरी बंद आणि कुपवाड पक्कं. थोडक्यात, माझं सगळं त्या एका मॉनिटरवर येऊन अडकलं होतं.

तर सांगायचं म्हणजे, त्या मॉनिटरसमोर दिवसभर बसायचे मी आणि पाहुणे बसायचे दहा मिनिटं. पण मॉनिटर कोणासाठी घ्यायचा याबद्दल बेबीताईंच्या मनात तिळभरही शंका नव्हती.

दुकानाच्या पायरीवर त्यांनी मला खुलासा केला. "हे बघ, आपल्याकडच्या सगळ्या मुलींत सगळ्यात सावळी तू. ज्यात तू उजळ दिसशील, त्यात सगळ्याच उजळ दिसतील. शितावरून भाताची परीक्षा."

त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती हो. बाई मनानं लोण्यासारखी. मला ताप आला की स्वतः पेज घेऊन यायची. पण जिभेला हाड नाही म्हणतात ते काही खोटं नाही. मला राग आला, तसा मी स्कार्फ आणखी आवळला आणि दुकानात शिरले.

दुकानदार मुजावर म्हणून होते, शांत माणूस. त्यांनी विचारलं, "मॅडम, काम काय राहणार ह्याच्यावर?"

"लग्नं जमवायची," बेबीताई म्हणाल्या.

"तसं नव्हं. टायपिंग, हिशेब, इंटरनेट? ऑफिसचं रोजचं काम कसलं?"

"अहो, हेच रोजचं काम."

मुजावरांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "टायपिंग. दिवसभर टायपिंग."

"ते होतं आपलं मधेमधे," बेबीताई म्हणाल्या. "तुम्ही असं करा, सगळ्यांवर हा फोटो लावा."

मुजावरांच्या भिंतीवर नऊ मॉनिटर मांडलेले होते. त्यांनी तारा जोडल्या, काहीतरी खटपट केली आणि एकदम नऊच्या नऊ ठिकाणी मी उगवले. पोपटी साडी, हातात हळदीकुंकवाचं ताट. पहिल्यात मी जांभळट, दुसऱ्यात कावीळ झालेली, तिसऱ्यात चेहरा ताणून रुंद झालेला. चौथ्यात मी इतकी गोरी की मलाच माझी ओळख पटेना. पाचव्यात मी, म्हणजे मीच. पुढच्या चारात आणखी चार तऱ्हा. रस्त्यावरून जाणारी माणसं काचेतून आत बघायला लागली.

नानांनी खिशातून शिंप्याची टेप काढली. त्यांचं म्हणणं वेगळंच होतं. "माणूस माणसाएवढा दिसला पाहिजे. चारू, इकडं ये, तुझं डोकं मोजू."

"नाना, नको."

"बरं," म्हणाले आणि स्वतःचंच डोकं मोजायला लागले.

बेबीताईंना मात्र असं नुसतं उभ्याउभ्या बघून समाधान नव्हतं. आमच्या ऑफिसात पाहुणे कोचावर बसतात. मधे मुलाची आई, एका बाजूला वडील, दुसऱ्या बाजूला काका, आणि मामा कायम कडेला उभा. मुलीकडं टक लावून बघणं बरं दिसत नाही म्हणून फोटो असला तरी कुणी उठून जवळ जात नाही, लांबून तिरक्या नजरेनं बघतात. तेव्हा तसंच बघायला हवं. त्यांनी दुकानातल्या प्लास्टिकच्या तीन खुर्च्या ओळीत लावल्या. मधे स्वतः बसल्या. नानांना मामा करून कडेला उभं केलं. उरल्या दोन खुर्च्या.

तेवढ्यात एक तात्या प्रिंटरची शाई न्यायला आले. डोक्यावर टोपी, हातात छत्री. बेबीताईंनी त्यांनाच धरलं.

"दादा, जरा बसता का? पाच मिनिटं मुलाकडचे व्हा."

"व्हतो की," ते म्हणाले. "मी खराडे. तासगावचा." आणि बसले. बसायच्या आधी टोपी काढून झटकली, पुन्हा घातली, छत्री दोन गुडघ्यांच्या मधे उभी केली. तेवढ्यात मुजावरांनी मागवलेला चहा आला. आता एकच कमी होतं, ते म्हणजे पोहे.

खराडेतात्यांनी बशीत चहा ओतला, एक घोट घेतला आणि चौथ्या मॉनिटरकडं बघून विचारलं, "शिक्षण?"

सगळे मॉनिटरकडं बघत बसले. मी कडेला स्टुलावर बसले होते. म्हणाले, "बीकॉम."

तात्यांनी माझ्या काळ्या चष्म्याकडं आणि स्कार्फकडं बघितलं. "तुमी मधी बोलू नका ताई. मुलीला बोलू द्या."

मग पुन्हा मॉनिटरला, "मामाचं कूळ?"

"कवठेकर," मी म्हणाले. काय करणार, मॉनिटर बोलत नव्हता.

"सैपाक?"

"येतो."

"ताई," तात्या जरा कडक झाले, "जरा बाजूला सरा बघू. तुमच्यामुळं मुलगी दिसंना."

मी सरले. खरं सांगते, मी स्टूल उचलून बाजूला सरले. आजही आठवलं की स्वतःचाच राग येतो आणि हसूही येतं. माझ्याच बघण्याच्या कार्यक्रमात मी मधे येत होते.

तात्यांनी नऊही मॉनिटरांवरनं नजर फिरवली आणि हळूच बेबीताईंकडं वाकले. "नऊ बहिणी?"

"अं?"

"नऊ पोरी म्हंजे बापाचं हाल झालं असतील. पण चेहरेपट्टी एक हाय. घराणं चांगलं दिसतंय." मग काठीसारखी छत्री उचलून दाखवली. "मला ही चौथी पसंत हाय. माझ्या पुतन्यासाठी. दिग्विजय नाव त्याचं, गाड्यांची एजन्सी हाय. ह्या पाचवीला मात्र तिथनं उठवा. तिच्यामुळं चौथीचं बिघडायलंय."

मी बेबीताईंकडं बघितलं. आता ही बाई खुलासा करील, दोन्ही एकच आहेत म्हणेल, असं मला वाटलं. बेबीताईंचे डोळे चमकत होते. गेल्या तीन वर्षांत माझा फोटो कुणी दुसऱ्यांदा बघायला मागितला नव्हता, आणि इथं दुकानात, शाई न्यायला आलेल्या माणसानं, नुसत्या चौथ्या मॉनिटरच्या जिवावर मला पसंत केलं होतं.

"रविवारी या," त्या म्हणाल्या. "मुलाला घेऊन. मंडळात."

तात्या शाई घेऊन गेले. मुजावर माझ्याजवळ आले आणि आवाज न चढवता म्हणाले, "ताई, खरं सांगू का, रोज आठ तास बसायचं असेल तर तो चौथा घेऊ नका. त्याची काच चकचकीत हाय, समोरचं सगळं त्यात दिसतं, आणि उजेड डोळ्यांत मारतो. बाजूनं बघितलं तर रंग पण उलटा होतो. हा पाचवा बघा. काच साधी, चमकत न्हाई. अक्षर सुबक. स्टँड वर-खाली होतो, मानेला त्रास न्हाई. कुठनंबी बघा, एकसारखं दिसतं."

त्यांनी पाचव्याला कीबोर्ड जोडून दिला. मी काळा चष्मा काढला आणि एक ओळ टाइप केली: 'मुलीचे नाव, जन्मवेळ, उंची, वर्ण.' अक्षरं जागच्या जागी उभी राहिली. हललीही नाहीत. मी आणखी एक ओळ लिहिली, मग आणखी एक. किती महिन्यांनी मी डोळे न पुसता लिहीत होते. मला भरून आलं. एका मॉनिटरपुढं रडायला येणं म्हणजे काय, हे ज्याचं डोकं महिनोन् महिने ठणकलंय त्यालाच कळेल.

"ताई, हा घेऊ या," मी म्हणाले.

बेबीताईंनी पाचव्यातल्या मला नीट बघितलं. "ह्यात तू जशी आहेस तशीच दिसतेस."

"होय."

"खरं दाखवणारा मॉनिटर आपल्या धंद्यात काय कामाचा गं?"

"पण दिवसभर बसायचं मला असतं."

"कशाला बसतेस? रविवारी जमलं तर दिवाळीला बोहल्यावर असशील. मग कुठला मॉनिटर अन् कुठले डोळे. आणि नाही जमलं, तर बघू पुढच्या वर्षी तुझ्या पसंतीचा."

असा हिशेब होता. चौथा मॉनिटर घेतला तर माझे डोळे जाणार, पण लग्न होणार. पाचवा घेतला तर डोळे राहणार, पण खराडे जाणार. नाना मधे म्हणाले, "पोरीचं म्हणणं ऐकावं एकदा." बेबीताईंनी त्यांच्याकडं नुसतं बघितलं आणि नानांनी टेप गुंडाळून खिशात घातली. चौथा मॉनिटर खोक्यात बांधून रिक्षात बसला.

त्या आठवड्यात मला कळलं, मुजावर कमीच बोलले होते. नव्या स्क्रीनपुढं बसलं की मला माझंच तोंड दिसायचं, माझ्यामागची खिडकी दिसायची, खिडकीतून रस्त्यावरचा केळीवाला दिसायचा, आणि त्या सगळ्याच्या मागं कुठंतरी मुलीची जन्मवेळ. डोकं पहिल्यापेक्षा जास्त दुखायला लागलं. आईला मी काही सांगितलं नाही. ती खराड्यांच्या नावानं गणपतीला नारळ बोलून बसली होती, आणि खराडे नाहीच जमले तर कुपवाड होतंच.

रविवारी खराडे आले. तात्या, मुलाची आई हौसाक्का, मुलगा दिग्विजय, आणि मामा. मामा ठरल्याप्रमाणे कडेला उभे राहिले. कॉम्प्युटर चालवायला माझ्याशिवाय कुणाला येत नव्हता, म्हणून बेबीताईंनी योजना केली होती. मी चष्मा आणि स्कार्फ घालून मॉनिटरच्या मागं बसायचं, फोटो दाखवायचा, एक अक्षर बोलायचं नाही. फोटो पसंत पडला की आत जायचं, पोपटी साडी नेसायची आणि पोहे घेऊन बाहेर यायचं.

मी फोटो लावला आणि मागं बसले. मला स्क्रीन दिसत नव्हती, फक्त बघणाऱ्यांची तोंडं दिसत होती. सकाळची वेळ, कोचाच्या मागं मोठी खिडकी, लख्ख ऊन.

पहिल्यांदा तात्यांनी टोपी सरळ केली. मग मामांनी मिशीवरून हात फिरवला. दिग्विजयनं मान तिरकी केली, हनुवटी वर केली, खिशातून कंगवा काढला आणि सावकाश भांग पाडायला लागला. बराच वेळ पाडत होता. उठून जवळ गेला, मागं सरला, पुन्हा जवळ गेला. मला वाटलं, आवडले की काय मी.

"हिच्या नाकात नथ कधी घातली?" हौसाक्का अचानक म्हणाल्या.

बेबीताई दचकल्या. फोटोत मी नथ घातलेली नव्हती. हौसाक्कांच्या नाकात मात्र मोठी मोत्याची नथ होती, आणि ती काचेत नेमकी माझ्या चेहऱ्यावर जाऊन बसली होती.

"आक्का, जरा डावीकडं सरका," बेबीताई म्हणाल्या.

आक्का सरकल्या. नथ गेली, पण तात्यांची टोपी आली.

"मुलगी गोरी हाय," तात्या म्हणाले. "मी बोललोच हुतो."

"कुठली गोरी?" कडेला उभे असलेले मामा म्हणाले. "काळीभोर हाय. दात तेवढं निळं दिसत्यात."

"तुमचं डोळं तपासा."

"तुमीच या की हितं."

तात्या उठून कडेला गेले, मामा मधे बसले. आता मामा म्हणाले, गोरी आहे. तात्या म्हणाले, अरेच्चा. मग दोघं पुन्हा जागा बदलून बघायला लागले. बेबीताईंनी पडदे ओढले तर खोलीत इतका अंधार झाला की पाहुण्यांना पाहुणे दिसेनात, फक्त मी एखाद्या ट्यूबलाइटसारखी जळत राहिले. हौसाक्कांनी डोळ्यांवर पदर घेतला. नानांनी पडदे पुन्हा उघडले.

"जाऊ द्या," हौसाक्का म्हणाल्या. "ह्या पेटीत बघून काय कळंना. मुलगीच बोलवा."

बेबीताईंनी मला खूण केली. मी आत गेले, चष्मा काढला, स्कार्फ सोडला, साडी नेसले. पोह्यांचा ट्रे उचलला. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला वाटत होतं की जमावं. दिग्विजयसाठी नव्हे. डोकं दुखायचं थांबावं म्हणून, कुपवाड टळावं म्हणून, आईचा नारळ फुकट जाऊ नये म्हणून.

मी ट्रे टेबलावर ठेवला. तात्यांनी माझ्याकडं बघितलं. मग मॉनिटरकडं बघितलं. पुन्हा माझ्याकडं. छत्री उचलून माझ्याकडं रोखली आणि अगदी सभ्यपणे, चुकीचा माल आला तर दुकानदाराला सांगावं तसं बेबीताईंना म्हणाले, "ताई, गडबड झाली. मी चौथी म्हनलो हुतो. ही पाचवी हाय."

बेबीताई उगाच ट्रेमधल्या बशा सारख्या करायला लागल्या. नाना खिडकीबाहेर बघायला लागले. सगळे माझ्याकडं बघत होते आणि मला एकदम जाणवलं, की गेल्या आठवड्याभरात कुणी माझ्याकडं सरळ बघितलंय असं हे पहिल्यांदाच होतंय. तेही, पाचवी म्हणून. आणि मुजावरांच्या दुकानात पाचव्यातच तर मी मला सापडले होते. काय झालं कोण जाणे, मी पदर सारखा केला आणि ताठ उभी राहिले.

"बरोबर आहे तात्या," मी म्हणाले. "मी पाचवी. चौथीनं नकार कळवलाय."

"नकार?" तात्या उभेच राहिले. "का म्हनून?"

"तिला मुलगा पसंत नाही."

"तिनं बघितला कवा?"

"आत्ताच की. इतका वेळ तिच्यासमोर उभा राहून भांग पाडत होता."

दिग्विजयनं कंगवा खिशात घातला. मामांना ठसका लागला, तो हसण्याचा होता की पोह्यांचा ते कळलं नाही. तात्यांचा चेहरा पडला. चौथीनं असं करावं याचं त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. मग त्यांनी विचारलं, "आन् पाचवीचं काय?"

"पाचवीला काम आहे. ऑफिसात तिच्याशिवाय कुणी नाही."

"चला," तात्या म्हणाले. पुरुष मंडळी चपला घालायला बाहेर गेली. हौसाक्का मात्र उठल्या नाहीत. पोह्यांची बशी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"व्हा तुमी म्होरं," त्यांनी दाराकडं बघून सांगितलं. "अन्न टाकून उठू ने." मग मला हातानं जवळ बोलावलं. "पाचवे, तुझं नाव काय गं?"

"चारुशीला."

"पोहे झ्याक झाल्यात." त्यांनी एक घास खाल्ला. "मला बघायला आलते तवा आमच्या गावात वीज नव्हती. आईनं कंदिलाची वात बारीक केली. म्हनली, उजेड कमी असला म्हंजे काळं-गोरं कळत न्हाई. पसंत झाले. लग्न झाल्यावर दिवसा उजेडी सासूनं बघितलं, तर दिवाळीपतोर माज्याशी बोलली न्हाई."

"मग?"

"मग काय. बोलाय लागली. घरात दुसरं कोन हुतं तिला बोलाय." त्यांनी बशी खाली ठेवली, तोंड पुसलं आणि मॉनिटरकडं बघितलं. त्यात त्यांचाच चेहरा दिसत होता, सावळा, सुरकुतलेला, नथीसकट. बोटानं काचेवर टिचकी मारून म्हणाल्या, "आमच्या येळंला वात बारीक करायचे. तुमी मोठी केलीसा. फरक काय झाला?"

माझ्या डोक्यावर हात ठेवून त्या गेल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते त्या काचेमुळं आलेलं नव्हतं.

बेबीताई कोचावर, हौसाक्का उठलेल्या जागी बसल्या. समोर मॉनिटरमध्ये त्यांचंच तोंड. त्यांनी केस नीट केले आणि मग स्वतःच वैतागल्या. "ह्यात मुली सोडून सगळं दिसतंय."

मी साडीचा पदर खोचला आणि मॉनिटरच्या तारा काढायला लागले.

"काय करतेस चारू?"

"उद्या हा परत नेणार. पाचवा आणणार. तो नको असेल तर तसं सांगा, मी आजच काम सोडते आणि कुपवाडला जाऊन फ्रिज उघडून बसते."

"अगं, पण त्यात मुली काळ्या दिसतील."

"काळ्या नाही. आहेत तशा दिसतील. ज्याला नको असेल त्यानं पोहे खाऊन जावं. माझे डोळे गेले तर तुमच्याकडं ना टायपिंग होणार, ना पोहे होणार."

बेबीताई काही बोलायच्या आत नानांनी खोकं आणलं. मॉनिटर त्यात घातला, दोरी बांधली. "मी येतो सोबत," म्हणाले. दुकानात जाताना त्यांनी टेप घरीच ठेवली.

सोमवारी आम्ही दुकानात गेलो तेव्हा मुजावरांनी काही विचारलं नाही. खोकं उघडून चौथा भिंतीवर होता तिथं लावला आणि पाचवा काढून दिला. म्हणाले, "आठ दिवसांत परत येणार म्हणून मी हा कुणाला दिला नव्हता." नाना म्हणाले, "मग आधीच का नाही सांगितलं?" "सांगितलं होतं की," मुजावर म्हणाले.

ऑफिसात आणून मी तो टेबलावर ठेवला. पहिल्यांदा माझ्याकडं तोंड करून ठेवला, स्टँड माझ्या डोळ्यांच्या उंचीला आणला, आणि पाहुण्यांसाठी फिरवायचा असेल तेव्हाच फिरवायचा असं ठरवून टाकलं. बेबीताई हळदकुंकवाची कोयरी घेऊन आल्या. यंत्राला कुंकू लावल्याशिवाय त्या वापरू देत नसत. काचेला नको, कडेला लावा, म्हटलं, तर ऐकलं. मग जाऊन कोचावर बसल्या. "लाव बघू तो फोटो."

मी पोपटी साडीतला फोटो लावला आणि मॉनिटर त्यांच्याकडं फिरवला. नाना कडेला मामांच्या जागी उभे राहिले. बेबीताई बराच वेळ बघत होत्या. मधून बघितलं, मग उठून डाव्या टोकाला बसून बघितलं, मग उजव्या. मला वाटलं, आता पुन्हा काहीतरी खोट काढणार, आणि मी भांडायच्या तयारीनं मान ताठ केली.

"अगं चारू," त्या म्हणाल्या, "ही तर तूच आहेस."

मी मॉनिटर माझ्याकडं वळवला आणि राहिलेले बायोडाटा टाइप करायला घेतले. 'वर्ण' या रकान्यात माझ्या नावापुढं बेबीताईंच्या सांगण्यावरून लिहिलेलं 'निमगोरी' होतं, ते खोडून आधी 'सावळी' केलं, आणि मग पुढच्या मुलीची जन्मवेळ घातली.